अल्प खर्चात घरचे चित्रगृह

सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत ‘डॉल्बी’ म्हटले की विसर्जन मिरवणुकीतील स्पीकरांची भिंतच डोळ्यांसमोर उभी राहते. दरवर्षी ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा’चे आवाहन करावे लागते, इतका हा शब्द गोंगाटाशी एकरूप झाला आहे. ज्यांच्या आडनावावरून तो आला ते रे डॉल्बी मात्र नको असलेला आवाज काढून टाकणारे अभियंते होते. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून ते काही काळ भारतात राहिले. पुढे १९६५ मध्ये लंडन येथे त्यांनी आपली कंपनी स्थापन केली, आणि तिचे पहिले साधन होते ते ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याचे. घरात चित्रगृह उभारू पाहणाऱ्याने या नावाचा मिरवणुकीतील अर्थ बाजूला ठेवून हा मूळ अर्थ जवळ केला, तर त्याचे बरेच पैसे वाचतात.

शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतील व्यापारी घर कसे असते, हे वेगळे सांगायला नको. खाली दुकान, वर राहणे, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, दहा-बारा फुटांचा दिवाणखाना आणि त्यात एका बाजूला गादी-लोड. भिंतीवर नवा पातळ टीव्ही येतो, चित्र लख्ख दिसते; पण त्या पातळपणात स्पीकरला जागाच उरलेली नसते. ते बहुधा जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून बसविलेले असतात. मग घरातील वृद्ध आजी दर दोन वाक्यांनी “काय म्हणाला?” असे विचारते, नातू आवाज वाढवतो, आणि सून स्वयंपाकघरातून तो कमी करायला सांगते. वयानुसार कानांची शक्ती प्रथम वरच्या पट्टीत घटते. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ अशी व्यंजने त्याच पट्टीत असतात. म्हणून नुसता आवाज वाढवून आजीला गलका अधिक ऐकू येतो, शब्द कळत नाही. चित्रपट असो वा चातुर्मासातील प्रवचनाचे ध्वनिमुद्रण, थोड्या दिवसांनी ती ऐकणेच सोडून देते आणि घरच्यांना ते ध्यानातही येत नाही. खर्चाचा खरा विचार येथून सुरू व्हावा.

समजा, या कामासाठी पंचवीस हजार रुपये बाजूला काढले आहेत. बाजारात एवढ्या रकमेत पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर असा सहा डब्यांचा संच सहज दाखविला जातो, आणि खोक्यावर हजारो वॅटचा आकडा असतो. तो ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा कोणत्याही सर्वमान्य मापाने काढलेला नसतो. अमेरिकेत अॅम्प्लिफायरची शक्ती कशी मोजावी व जाहिरातीत कशी सांगावी, याचा नियम १९७४ मध्येच करावा लागला होता, म्हणजे ही खोड जुनी आहे. मापात पाप ओळखणाऱ्या व्यापाऱ्याला एक साधी कसोटी पुरेशी आहे: संचाच्या मागच्या पट्टीवर विजेचा वापर किती वॅट लिहिला आहे, ते वाचावे. जो संच भिंतीतून साठ वॅट घेतो, तो सतत हजार वॅट देणार कोठून?

मुळात घरात वॅट फारसे लागतही नाहीत. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते. ८८ डेसिबल असेल, तर एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. तीन मीटरवरील गादीपर्यंत तो सुमारे साडेनऊ डेसिबलने उतरतो. नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे संवाद ऐकण्यास एका वॅटचा लहानसा अंश पुरतो. प्रसंगातील मोठ्या धमाक्यासाठी दोन स्पीकरांना प्रत्येकी पंचवीस-तीस खरे वॅट मिळाले तरी या खोलीत ते पुष्कळ झाले. वॅट दुप्पट केल्याने केवळ तीन डेसिबल वाढतात आणि कानाला तो फरक बेताचाच जाणवतो. उलट ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर निवडला, तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो.

तेव्हा सहा हलक्या डब्यांपेक्षा दोन भारी स्पीकर आणि एक साधा, प्रामाणिक अॅम्प्लिफायर हाच या रकमेचा उत्तम उपयोग होय. शंभरातील साठ रुपये स्पीकरांवर गेले तरी हरकत नाही. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, तेव्हापासून कित्येक दशके प्रेक्षक पडद्यामागून येणाऱ्या एकाच मार्गाच्या ध्वनीवर हसले आणि रडले. मागच्या बाजूचे स्पीकर बहुतांशी पावसाची सर, गर्दी, वाऱ्याचा घोंगाट असे वातावरण देतात. जुन्या मराठी चित्रपटांत तर त्यांच्या वाट्याला काहीच नसते. नव्या चित्रपटांत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी मुद्रित असतात. तो नसल्यास टीव्हीच्या ध्वनी विभागात ‘स्टीरिओ’ हा पर्याय निवडावा, म्हणजे संवाद दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात आणि मधोमध बसलेल्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. पुढे पैसे जमतील तसे प्रथम मधला, मग सबवूफर, आणि सर्वांत शेवटी मागची जोडी, हा क्रम ठेवावा.

सबवूफरची घाई तर नकोच. ४० हर्ट्झच्या स्वराची एक लहर सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते. ती सामाईक भिंतीला जुमानत नाही आणि शेजाऱ्याच्या घरात झोपलेल्या लेकरापर्यंत जाते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. पण पेठेत पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार असतो, तेथे नियमाचा दाखला देण्याची वेळ येणे हेच वाईट.

जुनी, वापरलेली स्पीकरजोडी घेण्यास संकोच नसावा. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोध घेता येतो, किंवा ओळखीतल्या एखाद्या घराच्या माळ्यावरही ती पडलेली सापडते. जाळी काढून पडद्याच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबावी. फोमची पट्टी दहा-पंधरा वर्षांत, विशेषतः दमट हवेत, भुसभुशीत होऊन गळते. रबराची पट्टी अधिक टिकते. गळलेली पट्टी बदलता येते, मात्र तो खर्च धरूनच भाव करावा. शिराळ्याच्या पश्चिमेस चांदोलीकडे पाऊस मुक्कामाला असतो, त्या भागात एमडीएफच्या पेटीच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात. गावच्या सुताराकडून पेटी करून घ्यायची, तर चांगले अठरा मिलिमीटर प्लायवूड घ्यावे आणि पेटीचे माप स्पीकर बनविणाऱ्याने दिले असेल तेच ठेवावे. त्यात सुताराने सोयीसाठी इंच-दोन इंच इकडेतिकडे केले, तर खालचे स्वर बिघडतात. वायर दोन पदरी, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची पुरते. चकचकीत महागड्या वायरीने या खोलीत काही साधत नाही.

आता खोली. उघड्या भिंती, फरशी आणि काचेचे शोकेस यांत टाळी वाजवली की आवाज घुमतो, आणि तेच घुमणे शब्दांची धार घालवते. यावर उपाय घरातच आहे: सतरंजी, जाड पडदे, भिंतीलगत पुस्तकांचे कपाट. गादी-लोडाची बैठक हे काम आपोआप करते. महागड्या सोफ्यासाठी ती मोडीत काढणाऱ्यांनी एकदा विचार करावा. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात वा कोपऱ्यात कोंबू नयेत, तेथे आवाज ढब येतो. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून वीतभर पुढे, किंचित आत वळवून ठेवावेत. गादीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतो. स्पीकरमधील लहान गोल पडदा, जो वरची पट्टी वाजवतो, त्याच उंचीवर यावा. कपाटावर ठेवलेल्या स्पीकरचे ‘स’ आणि ‘त’ आजीच्या डोक्यावरून निघून जातात. दोन भक्कम स्टुलांवर तेच स्पीकर खाली आणायला काहीच खर्च येत नाही.