उताऱ्यावर नसलेलें देणें

आमचा शेतकरी सोसायटीचें देणें विसरत नाहीं, कारण सोसायटी त्याला विसरूं देत नाहीं. मार्चअखेर आली कीं वसुलीचा माणूस दारांत उभा. पण ज्याची नोटीस येत नाहीं, ज्यावर व्याज चढत नाहीं, असें एक मोठें देणें आमच्या घराघरांत चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षें थकलेलें असतें. तें घरच्या बाईचें.

ज्यांचे केस पिकले, हातांत काठी आली, अशा आमच्या घरधन्यांशीं या बाबतींत दोन शब्द बोलावयाचे आहेत. पारावर बसलें म्हणजे तुम्ही सांगतां, 'मीं विहीर पाडली, मीं माळाचें रान केलें, मीं पोरें शिकविलीं.' खरें आहे. आम्ही तें नाकारीत नाहीं. पण विहिरींतला मुरूम डोक्यावरून कोणीं वाहिला? खुरपणी, वेचणी, काढणी, गुरांचें शेणपाणी, आणि या सर्वांच्या आधीं पहांटे उठून थापलेल्या भाकरी, हें कोणीं केलें? कारागिरांच्या घरीं तरी काय निराळें आहे? विणकराच्या मागाला लागणाऱ्या कांड्या बायकोनें भरल्या. कुंभाराची माती तिनें तुडविली आणि मडक्यांची पाटी घेऊन बाजारही तिनेंच केला. बुरुडाच्या घरचीं सुपें तर बहुतेक तिच्याच हातचीं. आणि धंदा कोणाचा? तर बापाचा! 'मीं' या एका अक्षरांत सारी बाई गडप होते.

सात-बारा काढून पाहा. कर्त्या पुरुषाचें नांव, भाऊबंदांचीं नांवें, इतर हक्कांत बँकेचा बोजा. बँकेला जागा आहे, बाईला नाहीं. तिचें नांव लागतें तें धनी गेल्यावर, वारस म्हणून. म्हणजे कपाळ पुसल्यावर.

बरें, माहेरीं तरी तिला कांहीं राहतें काय? 2005 सालच्या कायद्यानें मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाइतका हिस्सा दिला, आणि कायदा आला तेव्हां बाप हयात नसला तरी तिचा हक्क बुडत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं सांगितलें. पण कायदा पुस्तकांत आणि अंगठा हक्कसोडपत्रावर! भावाशीं तुटूं नये, दिवाळीला, पंचमीला हक्कानें जाण्याजोगें एक दार राहावें, एवढ्यासाठीं ती सही करते. भाऊ लुगडें नेसवतो आणि फिटलें म्हणतो. एका लुगड्यांत दोन एकर! इतका स्वस्त सौदा आडत्याच्या दुकानांतही होत नाहीं. माहेरीं नांव सोडलें, सासरीं लागलें नाहीं, आणि सत्तरीला ती बाई ओसरीवर बसून विचार करते, कीं औषधाचे पैसे थोरल्याकडे मागावे कीं धाकट्याकडे.

सरकारनें 2007 सालीं आईबापांच्या चरितार्थाचा कायदा केला आहे. पोरें सांभाळीत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. पण पोटच्या पोरावर अर्ज करणारी आई तुमच्या गांवांत किती सांपडतील? जिच्या हातीं स्वत:च्या नांवाचा उतारा आहे तिच्यावर ती पाळी सहसा येत नाहीं, एवढें आम्ही जाणतों.

ही गोष्ट आमच्या शेतकऱ्यांना अगदीं नवी नाहीं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें 1986 सालीं चांदवडला शेतकरी बायांचें मोठें अधिवेशन भरविलें आणि पुढें लक्ष्मीमुक्तीची हांक दिली. घरच्या लक्ष्मीचें देणें घरधन्यानें आपल्या हातानें फेडावें, जमिनीचा तुकडा तिच्या नांवें करावा, अशी ती हांक होती. आणि गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं ती ऐकली. कोर्टांत खेचून त्यांच्याकडून तें कोणी घेतलें नव्हतें. 1992 सालीं सरकारनेंही परिपत्रक काढून बायकोचें नांव सहधारक म्हणून लावण्याची वाट सोपी केली. मात्र त्यांत एक मेख आहे. बायकोनें मागून ही नोंद होत नाहीं. नवऱ्यानें स्वत: अर्ज द्यावा लागतो. म्हणजे सारा भार तुमच्या जाणिवेवर.

यावर कोणी म्हणतात, बाई अडाणी, तिला फसवून कोणी लिहून घेईल. बंधूंनो, आजवर ज्यांनीं जमिनी लग्नांत, दारूंत, निवडणुकींत आणि भाऊबंदकीच्या कज्ज्यांत घालविल्या ते बाप्येच ना? दुसरे म्हणतात, पोरें नाराज होतील. होऊं द्या. आईचें नांव लागलें म्हणून नाराज होणारा पोरगा तुमच्या माघारीं तिला कसा वागवील, हें तुमच्या हयातींतच कळलें तर वाईट काय?

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाहीं कीं सारें घर हवालदिल होतें. म्हातारीची काय इच्छा राहिली, म्हणून जो तो नदीकांठीं हात जोडून उभा! ती घरांत डोळ्यांसमोर वावरत होती तेव्हां हा प्रश्न तिला कोणीं विचारला होता?

जमीन नाहीं त्यांनींही मागें राहण्याचें कारण नाहीं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर राहतें घर नवराबायको दोघांच्या नांवें लागतें. बहिणीचें घेतलेलें परत द्यावयाचें असेल तर बक्षीसपत्राची वाट मोकळी आहे. त्या वाटेनें गेलेला भाऊ मात्र आम्हीं अजून पाहिला नाहीं. जमीनवाल्यांनीं ताजा सात-बारा व आठ-अ घेऊन महसूल कचेरी गांठावी. फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत तोंडी घेतली काय कीं लेखी दिली काय, तिची नोंद होते, हें पोरांना अगोदरच सांगून ठेवावें.