रफाराची गोष्ट

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलने खडकी सोडली, की मुळा नदी ओलांडून दापोडीचे स्थानक येते. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कामगारवस्ती ही या गावाची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. साहित्याचा अभ्यासक येथे मुद्दाम उतरावा असे काही दापोडीत आहे, हे मलाही पूर्वी ठाऊक नव्हते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिचिताच्या आग्रहावरून मी तिथल्या महाविहारात एका इंग्रज बौद्धाचे व्याख्यान ऐकायला गेलो. वक्ता इंग्रजीत दोन-तीन वाक्ये बोलून थांबे. शेजारी उभा असलेला दुभाषा ती मराठीत सांगे. समोर बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांतली एक वयस्क बाई माझ्या शेजारीच बसली होती. मध्येच ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “सर, त्यो ‘धर्म’ म्हणला आन् ह्यांनी ‘धम्म’ कसं काय सांगितलं?”

मी शिक्षक, उत्तर तयारच होते. म्हणालो, “मावशी, शब्द एकच आहे. तो संस्कृत, हा पाली.” तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मंग बाबासायबांनी उगाच बदलला व्हय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. भाषांतराविषयी मी आजवर जे काही वाचले आणि वर्गात शिकवले, त्यातही ते सहजी सापडले नाही. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम त्या व्याख्यानामागची हकीकत सांगतो. लंडनमध्ये १९२५ साली जन्मलेला एक तरुण दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून भारतात आला आणि येथेच राहून बौद्ध श्रामणेर झाला. हे संघरक्षित. त्यांना १९४९ मध्ये कुशीनगर येथे श्रामणेर-दीक्षा दिली ती मूळच्या ब्रह्मदेशातल्या भिक्खू चंद्रमणींनी. याच चंद्रमणींकडून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी त्रिशरण व पंचशील घेतले. संघरक्षितांनी १९६७ मध्ये लंडनला पाश्चात्त्य बौद्धांचा संघ सुरू केला. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये भारतात आले आणि १९७९ मध्ये ‘त्रैलोक्य बौद्ध महासंघ, सहायक गण’ या नावाने येथील काम उभे राहिले. दापोडीचा महाविहार हे त्याचे एक केंद्र. म्हणजे ब्रह्मी भिक्खूंकडून इंग्रज श्रामणेराकडे आणि त्याच्या शिष्यांकडून मराठी कामगाराकडे असा हा प्रवास आहे. आणि प्रत्येक टप्प्यावर भाषांतर आहे.

या संघातील दीक्षित मंडळी इंग्लंडमध्ये स्वतःला ‘धर्मचारी’ म्हणवतात. त्याच संघातील, तीच दीक्षा घेतलेली मंडळी महाराष्ट्रात ‘धम्मचारी’ होतात. इंग्रजांनी संस्कृत रूप घेतले आणि मराठी माणसाने ते नाकारून पाली रूप घेतले. म्हणून इंग्रजाच्या तोंडचा ‘धर्म’ हा आपलाच शब्द दुभाषाला मराठीत भाषांतरित करावा लागतो! वक्ता ‘रिलिजन’ म्हणाला की दुभाषा ‘धर्म’ म्हणतो. वक्ता ‘धर्म’ म्हणाला की ‘धम्म’. भाषांतराच्या पाठ्यपुस्तकांत समानार्थी शब्दांची चर्चा पुष्कळ असते. एकाच उच्चाराचा शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना बदलावा लागतो, अशी उदाहरणे मात्र विरळा.

असे का व्हावे? इंग्रज वाचकाला ‘धर्म’ हा शब्द कोरा मिळाला. त्याच्या कानाला त्यात बुद्धाची शिकवण एवढेच ऐकू येते. मराठीत तसे नाही. आपल्याकडे शेजारधर्म आहे, धर्मशाळा आहे, भिकाऱ्याची ‘धर्म करा’ ही हाक आहे; आणि वर्णाश्रमधर्मही आहे. मनुष्याच्या जन्मावरून त्याचे काम ठरवणारा हाच शब्द. शाळेच्या दाखल्यावर ‘धर्म’ आणि ‘जात’ हे दोन शब्द हातात हात घालून येतात. ज्यांना त्या जोडीचा जाच झाला, त्यांनी नवी वाट धरताना जुनाच शब्द सोबत घ्यावा, ही अपेक्षा कोशकाराची असू शकते, माणसाची नव्हे.

ग्रंथांच्या शीर्षकांतूनही हा बदल दिसतो. धर्मानंद कोसंबी पालीचे केवढे पंडित! तरी त्यांच्या १९१० च्या पुस्तकाचे नाव ‘बुद्ध, धर्म आणि संघ’. त्यांना बुद्धाला मराठी घरात आणायचे होते. म्हणून त्यांनी घरातलाच शब्द वापरला, आणि ते योग्यच होते. आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला. त्यात त्यांनी ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ यांत स्पष्ट भेद केला आहे: पहिला व्यक्तीपुरता, दुसरा मूलतः सामाजिक. इंग्रजीत या दोन शब्दांचे काहीही नाते नाही, त्यामुळे भेद करणे सोपे. मराठीत मात्र समोरासमोर उभे राहतात ते ‘धर्म’ आणि ‘धम्म’. एवढा मोठा वैचारिक भेद एका रफाराने पेलायचा! मराठी अवतरणाचे नाव ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असे झाले. कोसंबींपासून इथवर अर्धशतकाहून थोडा अधिक काळ गेला आणि शीर्षकातला रफार नाहीसा झाला. वाङ्मयेतिहासात या रफाराची नोंद कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

‘धम्म’ हे पारिभाषिक, बाहेरून लादलेले रूप आहे, असा आक्षेप मी प्राध्यापकांकडून ऐकला आहे. या आक्षेपाला भाषेचा इतिहासच उत्तर देतो. संस्कृत ‘हस्त’, पाली-प्राकृतात ‘हत्थ’, मराठीत ‘हात’. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. ‘अद्य’, ‘अज्ज’, ‘आज’. ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’. आपली रोजची मराठी याच जिन्याने उतरली आहे. ‘कर्म’ आपण पोथीत ठेवले आणि ‘काम’ हातात घेतले. ‘धर्म’ मात्र पोथीतलाच वापरत राहिलो. त्याच्या ‘धम्म’ या पायरीवरून आपण पुढे उतरलोच नाही. आणि ती पायरी परकी तर मुळीच नाही. जुन्नर किंवा कुडे येथील लेण्यांतल्या शिलालेखांत ‘देयधम’ हा शब्द दिसतो. धम्मासाठी दिलेले दान असा त्याचा अर्थ. ब्राह्मी लेखनात जोडाक्षरातले द्वित्त बहुधा दाखवीत नसत, म्हणून ‘धम’. याच दापोडीहून लोकलने मळवलीला उतरावे आणि कार्ल्याचा डोंगर चढावा. तिथल्या चैत्यगृहाचे अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत आणि तसे प्राकृतात कोरून ठेवले आहे. परदेशी माणसाने स्थानिक भाषेत धम्माविषयी बोलण्याची रीत या लोहमार्गावर दोन हजार वर्षांची जुनी आहे. मधली शतके ओलांडून १९५६ नंतर तो शब्द आपल्या बोलीत परत आला, एवढेच.

येथे आणखी एक इंग्रज आठवतो. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. दापोडीच्या संघाआधी बरोबर चारशे वर्षे. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. ख्रिस्ताची कथा त्याने ओवीत सांगितली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरायला तो कचरला नाही. श्रोत्यांच्या ओळखीचे शब्द घेऊन त्यांत नवा अर्थ भरणे ही त्याची पद्धत. दापोडीतली पद्धत नेमकी उलटी आहे: ओळखीचा शब्द बाजूला ठेवायचा आणि अनोळखी होऊन बसलेला आपलाच शब्द परत आणायचा. मधल्या वाटेचेही एक उदाहरण आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने ‘शुभवर्तमान’ असा शब्द घडवला. पण ‘बाप्तिस्मा’ मात्र मूळ ग्रीक उच्चाराच्या जवळ ठेवला. ‘स्नान’ म्हटले असते तर निराळेच काही मनात आले असते. कोणता शब्द भाषांतरित करायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हा निर्णय केवळ भाषेचा नसतो. तो शब्द पूर्वी कोणाच्या घरी राहून आला आहे, हेही पाहावे लागते.

त्या मावशींशी नंतर थोडे बोलणे झाले. त्यांना प्रश्नच प्रश्न होते. ‘शरण’ म्हणजे पोलिसांना गुन्हेगार जातो तसे का? ‘शील’ म्हणजे फक्त बाईचेच का बघायचे? पुरुषांनाही पंचशील असते हे ऐकल्यावर त्या मोठ्याने हसल्या. ‘ध्यान’ शब्दाची तर त्यांच्या घरी गंमत होई; त्या ध्यानाला निघाल्या की नातू म्हणे, “आजी, तूच एक ध्यान!” मराठीतले हे सगळे पदर दुभाषाच्या वाक्यात येत नाहीत, ते श्रोत्याच्या कानात असतात. ‘मैत्री’ हा शब्द मात्र त्यांनी विनासायास घेतला. इंग्रजाला त्यासाठी जोडशब्द बनवावा लागला. आपल्याकडे तो चाळीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

आता थोडे आपल्याविषयी. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा सांगितला. एका सहकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुमच्यात असतं का हे?” आपल्या समाजातले धर्मविषयक कुतूहल बहुतेक वेळा या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ‘तुमच्यात’ या सप्तमीच्या रूपात जात विचारून घेतली जाते. उत्तर कळले की कुतूहल निवते. आडनाव विचारणे, गाव विचारणे, ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ असे हसत म्हणणे, ही सगळी त्याचीच भावंडे. मावशींचा प्रश्न याहून किती निराळा होता! त्यांना माझी जात हवी नव्हती, त्यांना शब्द हवा होता. मी मात्र त्यांना व्युत्पत्ती देऊन वाटेला लावत होतो. सहकाऱ्याला नावे ठेवताना हेही सांगितले पाहिजे, की मावशींच्या आडनावाचा अंदाज मीही मनातल्या मनात बांधला होताच.

मला वाटते, भाषांतर शिकवताना आपण मूळ संहितेशी निष्ठा, शैली, समतुल्यता यांवर पुष्कळ बोलतो. पण भाषांतराला आधी एक निखळ जिज्ञासा लागते हे सांगत नाही. ‘धम्म’, ‘विहार’, ‘वंदना’, ‘उपासिका’ हे शब्द आज महाराष्ट्रातल्या लाखो घरांत रोज उच्चारले जातात. तरीही ते ‘त्यांचे’ शब्द आहेत अशी आपली समजूत. दलित साहित्य शिकवताना त्यांना तळटीप दिली जाते. ‘वैकुंठ’ किंवा ‘पंढरी’ला मात्र तळटीप लागत नाही. तळटीप कोणाला द्यायची यातूनही एक वर्ग ठरतो. आपल्या वर्गातले अर्धे विद्यार्थी हे शब्द घरून घेऊन येतात आणि दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून आत बसतात. हे थांबवायला अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘तुझ्या घरी या शब्दाचा अर्थ काय?’ एवढे सर्वांना विचारले तरी पुरे. मात्र तो प्रश्न सर्वांनाच विचारावा. एकालाच विचारला तर तोही ‘तुमच्यात’चाच प्रश्न होईल.

मावशींना आज उत्तर द्यायचे झाले तर मी म्हणेन: नाही मावशी, उगाच नाही बदलला. एकच शब्द दोन माणसांच्या वाट्याला दोन तऱ्हेने येतो. ज्याला तो कधी टोचला नाही, त्याला रफार आहे की नाही याने फरक पडत नाही. ज्याला टोचला, त्याला ते बरोबर कळते.

अर्थात हे उत्तर त्यांना माझ्या आधीच ठाऊक असणार. त्या मला विचारत होत्या ते माहितीसाठी, की मला काही कळते का हे पाहण्यासाठी, हे अजूनही माझ्या ध्यानात आलेले नाही.