दहावी आली म्हणून डान्स क्लास बंद करावा का? नाचताना मेंदूत काय घडतं?

जून आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या अनेक घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलगी पाच-सहा वर्षं कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकत असते. ती दहावीत जाते आणि घरचे म्हणतात, "यंदा नाच पुरे, अभ्यासाकडे बघ." पण नाच थांबवल्याने अभ्यास खरंच वाढतो का?

नाचताना मेंदू काय करतो?

कथ्थकमधला तीनताल घ्या. त्याच्या मात्रा १६. तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर पडावा लागतो. विद्यार्थिनी हाताने ताल धरून बोल म्हणते, मग तेच बोल पायांनी काढते. मात्रांचा हिशेब डोक्यात चालूच असतो. क्रम लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं आणि चुकलं तर लगेच सावरणं, हे गणित सोडवतानाही लागतं. शाळेतल्या लेझीमलाही हेच लागू आहे.

संशोधन काय सांगतं?

२००३ मध्ये अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी दिसला. सोशल मीडियावर याचा दाखला मुलांसाठीही दिला जातो, पण तो अभ्यास ज्येष्ठांचा होता.

मुलांबाबत २००९ चा इलिनॉय विद्यापीठाचा एक छोटा प्रयोग आहे. साधारण नऊ-दहा वर्षांची मुलं २० मिनिटं चालल्यानंतर त्यांचं लक्ष आणि वाचनाच्या चाचणीतली कामगिरी सुधारली. म्हणजे नाचल्याने मार्क हमखास वाढतात, असं सिद्ध झालेलं नाही. पण शरीर हलवण्यात गेलेला वेळ वाया जातो, हेही खरं नाही.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयोगटातल्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी. शाळा, ट्यूशन आणि मोबाइल यांत दिवस संपणाऱ्या मुलांसाठी डान्स क्लास हाच अनेकदा तो तास असतो. शिवाय शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळाच्या दहावीत वाढीव गुणांची सवलतही आहे.

त्यामुळे क्लास पूर्ण बंद करण्यापेक्षा आठवड्यातला एखादा दिवस कमी करणं किंवा बोर्डाच्या तोंडावर थोडी सुट्टी घेणं, हा मधला मार्ग आहे. तो तास काढून घेतला, तर तो पुस्तकाला मिळेल की मोबाइलला, हा प्रश्न घरच्यांनी आधी स्वतःला विचारायला हवा.