मेटफॉर्मिनच्या गोळीसोबत बी-१२ची तपासणीही हवी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांना बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी व उपचार मोफत मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही ग्रामीण भागातील टाइप २ मधुमेहाचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आम्हांला मेटफॉर्मिन मिळते आणि साखर आटोक्यात राहते. ही गोळी बंद करावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मात्र तिच्यामुळे अंगातले बी-१२ कमी होते, याकडे कोणी पाहत नाही.

बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. तिथेच मेटफॉर्मिन आड येते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२मध्ये ही कमतरता या औषधाचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचे कळवले व जोखीम असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्याचा सल्ला दिला. गोळीची मात्रा आणि घेण्याची वर्षे वाढतात तशी जोखीम वाढते. आपल्याकडे ती आधीच जास्त आहे. माळकरी घरात मांस, मासे, अंडी नसतात. बी-१२ येते ते दुधा-दह्यातून, आणि मजुराच्या घरी दूध चहापुरतेच. त्यात अनेकांना वर्षानुवर्षे पित्ताची गोळीही चालू असते. तिनेही शोषण घटते.

मग पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, चालताना तोल जातो. 'शुगरमुळे होतंय' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. मधुमेहानेही नसा बिघडतात हे खरे, पण लक्षणे सारखी असली तरी बी-१२ची कमतरता उपचाराने भरून काढता येते. उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहते. बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. रक्त ठीक दिसत असतानाही नसांचे नुकसान चालू असू शकते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा बी-१२ तपासणी व्हावी, आणि मुंग्या, बधिरपणा किंवा रक्तक्षय असल्यास लगेच. रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रातच घेतला जावा. त्यासाठी जिल्ह्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. कमतरता निघाल्यास बी-१२च्या गोळ्या वा इंजेक्शने तिथेच मोफत मिळावीत. १५ ऑगस्ट २०२३पासून शासनाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्यात हेही बसावे.

सरसकट सगळ्यांना जीवनसत्त्वांच्या महागड्या कॅप्सूल लिहून द्याव्यात, असे आम्ही मागत नाही. गरज कोणाला आहे ते तपासून ठरवावे. आशाताईंना ही लक्षणे शिकवावीत आणि 'मनाने गोळी बंद करू नका' हेही त्यांनी घरोघरी सांगावे.

याबाबत सर्व जिल्ह्यांना लेखी आदेश काढून त्याची प्रत आम्हांस मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
मधुमेही रुग्ण व त्यांचे कुटुंबीय

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद