मागच्या खोलीतलं वाय-फाय

आमच्या यवतमाळकडच्या जुन्या घरांच्या भिंती चांगल्या जाड. मे महिन्यात त्यांचं कौतुक. पण बैठकीतलं वाय-फाय मागच्या खोलीत पोचत नाही, तेही त्यांच्यामुळंच. मुलीची ऑनलाइन परीक्षा ऐन पेपरात अडकते, आणि बोलणी बसतात ती तिलाच! तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावरचा जुना राउटर काढा बघू.

त्याच्या बुडाशी लिहिलेला पत्ता फोनवर उघडला, की सेटिंग दिसतात. त्यांत ‘ब्रिज’ किंवा ‘रिपीटर’ आहे का पाहा. सगळ्यांत नसतं, नसेल तर खटपट नको. असेल तर घरच्या वाय-फायचं नाव निवडून पासवर्ड द्या. दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर या दुसऱ्याचा शेवटचा आकडा २ करा आणि त्याचं ‘डीएचसीपी’ बंद करा. फोनांना क्रमांक वाटायचं काम पहिल्याकडंच राहू द्या, नाहीतर एका भाजीत दोघींनी मीठ घातल्यासारखं होतं.

चूक होते ती जागेत. राउटर थेट मागच्या खोलीत नेऊन ठेवतात. अहो, तिथं रेंजच नाही, तर तो बिचारा देणार काय? अर्ध्या वाटेवर, रेंज चांगली येते अशा दाराशी ठेवा. मध्ये कूलर नको. पत्रा आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. तिथून कॉम्प्युटरपर्यंत वायर ओढलीत तर उत्तम. हवेतूनच घेऊन हवेतूनच दिलं, तर वेग बहुधा निम्म्यावर येतो.

दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मागच्या खोलीचं दार लावून तासभर चालवून पाहा.