समाधान मोजणाऱ्यांनो, आधी माणसे मोजा!

ज्याला काही द्यायचे नसते, त्याला आपल्याकडे ‘समाधान माना’ म्हणून सांगतात. शिक्षकांना केलेला हा उपदेश मी गेली तीस वर्षे ऐकतो आहे. आता तोच मनाचे आजार हाताळणाऱ्यांच्या वाट्याला आला आहे. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, परिचारिका यांचे ‘कार्यसमाधान’ किती, हे जोखायला प्रश्नावल्या निघतात. गुण कमी पडले की तणावमुक्तीचे शिबिर नि सेवाभावावर व्याख्यान! २०२४ साली जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा विषयच कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा होता. त्या दिवशी पुष्पगुच्छ पुष्कळ वाटले गेले. पदे किती भरली गेली?

हिशेब अवघड नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ साली नोंदवले की देशात लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत, हवेत तीन. २०११ च्या जनगणनेत आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख. म्हणजे देशाच्या सरासरीने धरले तरी छत्तीस तज्ज्ञ. हवेत एकशे चव्वेचाळीस. शिवाय सरासरी कागदावर सारखी पसरते, डॉक्टर मात्र मोठ्या शहरांत गोळा होतात.

माझी एक माजी विद्यार्थिनी सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. बाह्यरुग्ण विभागात चार तासांत साठ माणसे येतात. माणशी चार मिनिटे! साठ मुलांचा वर्ग मीही सांभाळला आहे. पण त्या साठांना एकच धडा शिकवायचा असतो, हिच्यासमोर साठ निरनिराळी दुःखे. त्यात आपला सीमाभाग. एकजण कानडीत बोलतो, दुसरी मराठीत, तिसरा उर्दूत. ‘जीव कशात रमत नाही,’ असे एखादी बाई सांगते. ते तक्त्याच्या कोणत्या रकान्यात भरायचे? दुभाष्याचे हे काम कोणत्याच अहवालात मोजले जात नाही. दुपारी शिबिरे, आशाताईंचे प्रशिक्षण, मासिक माहिती. आमच्या शाळेतल्या आठशे मुलांसाठी तिला वर्षातून दोन तास मिळाले. तिला कामाची आवड आहे का, हे विचारणेच अपमानास्पद आहे. आवड नसती तर ती केव्हाच बँकेच्या परीक्षेला बसली असती.

कोणी म्हणेल, खासगी मनोविकारतज्ज्ञ बक्कळ कमावतात. कमावोत बापडे! शेतमजुराचा मुलगा त्यांच्या दारात पोचत नाही, तो हिच्याच बाकावर येऊन बसतो.

या थकव्याचा शास्त्रीय अभ्यास काही नवा नाही. अमेरिकेतल्या क्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ साली त्याची मोजपट्टी तयार केली. माणूस आतून रिता होतो, समोरचा रुग्ण त्याला वस्तू वाटू लागतो, आपल्या हातून काही होत नाही असे वाटते, ही तिची तीन अंगे. पुढे त्यांनी बजावले की याचे मूळ माणसाच्या स्वभावापेक्षा कामाच्या मांडणीत शोधा. आमच्याकडे मोजपट्टी तेवढी आली, बजावणी वाटेत राहिली.

आणि हे घडते कुठे? ज्या राज्याने देशाला वाट दाखवली तिथेच! १९८५ ते १९९० या काळात बंगळूरच्या निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात तालुक्यापर्यंत मनोरुग्णसेवा नेण्याचा प्रयोग केला. त्याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. मनोरुग्णसेवेतल्या माणसांची संख्या दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असे त्यात लिहिले आहे. ही मुदत २०२८ साली संपते.

तेव्हा प्रश्नावल्या राहू द्या. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांतली करारावर किती, हे तीन आकडे प्रत्येक तालुका रुग्णालयाच्या दारावर कानडीत आणि मराठीत लावा. आमचे आमदार सभेत मानसिक आरोग्यावर बोलायला उभे राहिले, की पहिल्या रांगेतून आम्ही तेच आकडे विचारू.