समजून घ्या : काविळीची माळ, गुळवेलीचा काढा आणि ‘पूरक’ व ‘पर्यायी’ यांतला फरक

सानगडीत काय किंवा साकोली तालुक्यातल्या आणखी कोणत्या गावात काय, कुणाचे डोळे पिवळे दिसले की पहिला सल्ला ठरलेला असतो : अमक्या गावी कावीळ उतरवून देतात, तिकडे जाऊन या. कुठे नाकात झाडपाल्याचा रस टाकतात, कुठे मुळी उगाळून पाजतात, तर कुठे काड्यांची माळ घालायला देतात. माळ दिवसागणिक लांब होते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर येते. तिच्याबरोबर कावीळही उतरली, असे मानले जाते.

माळ खरोखरच लांब होते. ओल्या काड्यांचे छोटे तुकडे दोऱ्याच्या फासांत घट्ट आवळलेले असतात. काड्या वाळून आकसतात, फास सैल पडतात आणि अडकलेला दोरा मोकळा होतो. हीच माळ खिळ्याला टांगून ठेवली तरी लांब होते, आणि भिंतीला काही कावीळ झालेली नसते.

मग माणूस बरा कसा होतो? दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घाला, घालू नका. श्रेय मात्र माळेला मिळते, कारण त्या दिवसांत आपण तीच घातलेली असते. सर्दी, बरीचशी पाठदुखी, तोंड येणे यांचेही असेच. ‘मला गुण आला’ हे वाक्य खोटे नसते, पण तेवढ्यावरून औषधाने काम केले हे सिद्ध होत नाही.

अडचण वेगळ्या काविळीची आहे. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, गाठ असेल, फाल्सिपेरम मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिस असेल, तर डोळे तसेच पिवळे होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ‘ई’ जीवघेणा ठरू शकतो. माळ देणाऱ्याला यातले काहीच ओळखता येत नाही. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीला येते.

पूरक म्हणजे काय, पर्यायी म्हणजे काय?

हे दोन शब्द आपण एकाच दमात बोलतो, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेहमीच्या उपचारांसोबत आणखी काही घेतले तर ते पूरक. नेहमीचे उपचार सोडून त्यांच्या जागी घेतले तर ते पर्यायी. म्हणजे योगासन, काढा किंवा मालिश मुळात पूरक किंवा पर्यायी नसते. तुम्ही त्याबरोबर काय चालू ठेवले आणि काय बंद केले, यावर ते ठरते.

उदाहरण आपल्याच मुंबईतले आहे. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर अनेक वर्षे काम केले. पित्तनलिका अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, म्हणजे साठलेले पित्त नळीने काढणे, प्रतिजैविके आणि नंतर शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटाला हे सगळे दिलेच, शिवाय गुळवेल दिली. गुळवेलीच्या गटात जंतुसंसर्ग कमी झाला आणि शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त निघाले. ३० रुग्ण ही संख्या लहान आहे, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. पण रीत पाहा : तुलनेसाठी दुसरा गट ठेवला, मोजमाप केले आणि शस्त्रक्रिया कुणाचीच टाळली नाही. ‘पूरक’ शब्दाचा यापेक्षा चांगला अर्थ सांगता येणार नाही.

तीच गुळवेल, तेच यकृत

आता याच वेलीची दुसरी बाजू. करोनाच्या काळात घराघरांत काढे उकळले गेले. कडुनिंबावर चढलेल्या वेलीला तर अमृताचा मान मिळाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि एकाचा मृत्यू झाला. आयुष मंत्रालयाने हा संबंध दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर देशभरातील १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या अनेकांना आधीपासून यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार होता.

गुळवेल विष आहे, असा याचा अर्थ नाही. लाखोंनी ती घेतली आणि बहुतेकांना काही झाले नाही. पण जी वनस्पती प्रतिकारशक्तीला चेतवते, ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीलाही चेतवू शकते. ज्याचा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ ही जाहिरातीची ओळ आहे, धोतऱ्याचे झाडही नैसर्गिकच असते. आणि मंत्रालयाचा मुद्दा खरा धरला, तर सावधगिरीचे कारण वाढतेच. रानातून वेल तोडून आणणाऱ्याला दोन्हींतला फरक कळेलच, याची खात्री कोण देणार?

धातूंचा प्रश्न आणखी गंभीर आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ मध्ये आला होता. दुसरीकडे, आठवडी बाजारात विनालेबल विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार डॉक्टरांना नवे नाहीत. दोन दिवसांत गुडघा धावायला लागला, तर आनंदाबरोबर थोडी शंकाही यायला हवी.

‘आयुष’ म्हणजे सगळे सारखेच का?

नाही. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी यांना सरकारने एका छत्रीखाली आणले, २०१४ पासून त्यांचे वेगळे मंत्रालय आहे. पण छत्री एक असली तरी आतली माणसे वेगवेगळी आहेत. योगासनांचा जुन्या कंबरदुखीत थोडाफार उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. होमिओपॅथीचे गणित मात्र बारावीच्या केमिस्ट्रीतच अडते. ‘३० सी’ म्हणजे शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा. एकावर साठ शून्ये इतके पातळ. अव्होगाड्रो अंक पाहता बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एक रेणू उरण्याची शक्यताही जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये पुरावे तपासून होमिओपॅथी कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नसल्याचे म्हटले.

पदव्यांचा गुंता महाराष्ट्रात आणखी आहे. मुंबईतील एका होमिओपॅथने दिलेल्या अ‍ॅलोपॅथीच्या औषधांनंतर रुग्ण दगावला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले होते की ज्या शास्त्राचे ज्ञान नाही त्याची प्रॅक्टिस करणारा भोंदूच ठरतो. पुढे २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना काही मुभा दिली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांनी संप केला. रुग्णाने एवढेच करावे : पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचावा, आणि गोळी कोणत्या पॅथीची आहे हे विचारावे.

सिद्ध झाले की ते ‘पर्यायी’ राहत नाही

सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि ते जगभर वापरले गेले. चीनच्या तू यूयू यांनी एका जुन्या चिनी वनौषधीतून आर्टेमिसिनिन मिळवले, २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या मिळतात, त्यांत याच औषधाचे रूप असते. त्याला कुणी जडीबुटी म्हणत नाही. म्हणून ‘पाश्चात्त्य विरुद्ध आपले’ हे भांडण मला फसवे वाटते. तपासलेले आणि न तपासलेले, एवढेच दोन गट खरे.

वाट पाहणे कुठे परवडत नाही?

रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत साप चावतो, किंवा रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. मण्यारीच्या दंशाला वेदना फारशी नसते, त्यामुळे मांत्रिकाकडे बसायला वेळ आहे असे वाटते. नसतो. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, ते जितक्या लवकर मिळेल तितके बरे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सिकलसेलचेही तसेच. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. ते बंद करून ‘रक्तवाढीचे’ चूर्ण सुरू करणे दुहेरी तोट्याचे, कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. कर्करोगाबद्दल तर अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासाचा आकडा पुरेसा बोलका आहे : बरा होण्याजोगा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीचपट होता.

तरीही लोक वैदूकडे जातात, आणि त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे पण चुकीचे आहे. वैदू गावातला असतो, उधारीवर औषध देतो, अर्धा तास ऐकून घेतो. दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात आणि झाडपाला घेतला म्हटले की रागावून घेतात. मग पुढच्या वेळी रुग्ण सांगतच नाही. मधुमेहाच्या गोळीसोबत कडू चूर्ण घेणाऱ्याची साखर अचानक उतरते, तेव्हा डॉक्टर अंधारात चाचपडतो. सरकारी केसपेपरवर ‘आणखी काय घेता?’ एवढा एक रकाना छापायला फार खर्च येणार नाही, आणि तो न रागावता भरून घ्यायला तर काहीच येणार नाही.

तोवर घरात जे काढे, चूर्णे, पुड्या सुरू असतील, त्यांची पाकिटे तपासणीला जाताना पिशवीत टाका, लेबल नसेल तर पुडीच न्या. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. औषधाचा विपरीत परिणाम झाल्यास भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.